काज-बटण

चोपड्यात आमच्या एका गल्लीत तीन मशिनी.
लताबाई पिको-फॉल फुकट करून देते
(आत माया सोडत नाही, पण ते धुतल्यावर कळतं),
कोपऱ्यावरचा मास्तर दिवाळीला कॅलेंडर वाटतो.
माझ्याकडे एक ओटा, एक शेगडी,
आणि हा टेप, ज्याला अख्ख्या आळीच्या कंबरा पाठ.

टेप खोटं बोलत नाही. मी बोलते.
छत्तीसची अडतीस भरली तरी म्हणते,
"कापडच आटलंय, वहिनी."

म्हणून ठरवलं, ब्लाऊजबरोबर काहीतरी गोड द्यायचं,
पण असं, की पुढच्या खेपेला
शिवण उसवायला यायला नको.
धंद्याच्या हिशेबानं हे चूकच.
उसवायचे वीस रुपये मिळतात.

पहिला घाणा. घाणा तरी कसं म्हणू, तेलच नव्हतं.
कच्च्या केळ्याचं पीठ, मूठभर दादर, गूळ, सुंठ,
पातेल्यात खडेमीठ पसरून वर ताटली, वर झाकण.
निघाल्या त्या चकत्या.
बडगुजर वहिनींच्या नातवाने एक दाताखाली धरली,
काढून माझ्या हातावर ठेवली:
"हे शर्टाला लावा."
वहिनी म्हणाल्या, "माय वं, घरमा तेल नई शे का?"

खरंच की.
जिथं भाजीवर बोटभर तर्री दिसली नाही
तर पाहुणा मनातल्या मनात पाट सोडतो,
तिथं मी बिनतेलाचं घेऊन उभी.

पण पोराचं ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं,
गादीत हरवलेल्या टाचणीसारखं.
शर्टाला लावा.
मग बटणंच केली.

तिसऱ्या खेपेला पिकलेलं केळं कुस्करून घातलं,
दह्याची निवळ घातली, आच कमी केली.
स्वेटरच्या सुईने चार-चार भोकं,
हाताला सवय आहे, अंतर मोजावं लागत नाही.
राणी ब्लाऊजला बिटाची, पोपटीला पालकाची,
हळदीच्या साडीला हळदीची.
जांभळ्यासाठी दोन दिवस डोकं खाजवलं,
शेवटी पांढरी दिली. कापडातही आपण तेच करतो.
सहा बटणं दोऱ्यात ओवायची,
नागमोडी कात्रीने कातरलेल्या कागदात गुंडाळायची,
वर चिठ्ठी:
तुपातेलाशिवाय. फिटिंगची गॅरंटी.

संक्रांतीपर्यंत लताबाईच्या पिकोवाल्याही आल्या.
एकीकडे शिवायला काहीच नव्हतं,
ती जुना परकर घेऊन आली, नाडी बदलायला.
नाडी मी तिच्यासमोरच ओवली. हसलो दोघी.

कोकिळा बोरसे आली माघात.
वहीत तिचं पान काढलं.
दंड साडेबारा होता, अकरा भरला.
कंबर दोनदा मोजली.
बाकावरच्या म्हणाल्या, "बटणंस्ना गुण शे बरं हाऊ!
कितीक खाल्लीस, आम्हालाही सांग."
कोकिळा हसली.
खांद्यावरून घसरणारा जुना ब्लाऊज
बोलता बोलता पदराखाली घेत राहिली.
तिने बटणं कधी नेलीच नव्हती.
गेल्या वेळची पुडी माझ्याच फळीवर पडून होती.

मी विचारलं नाही.
आधीचे आकडे खोडले नाहीत,
शेजारी नवे लिहिले, पेन्सिलीने.

रात्री सगळे निजल्यावर कढई काढली.
भावाकडचं तूप होतं, कणीदार,
ते घातलं, मग वाटलं कमी आहे, आणखी घातलं.
डिंक तळला, बदाम कुटले.
बिटाचा रंग, सुईची चार भोकं,
बाकावरच्यांना ओळखू येऊ नये इतकी तीच बटणं.
फक्त चिठ्ठी लावली नाही.

मग मशीनवर बसले.
अकराच्या मापानेच शिवला, अंगाला बरोबर बसेल असा,
आणि आत, दोन्ही बाजूंना,
दोन-दोन बोटं माया सोडली.